नंबरताईचा तळ्यावरचा नंबर

आमच्या गल्लीत तिला कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ती स्वतःच मागे वळून बघेल, कोणाला बोलावतायत म्हणून. ती नंबरताई. नळावर पहिली, दवाखान्याच्या खिडकीवर पहिली, शाळेच्या प्रवेशाला पहिली. एखाद्या ठिकाणी ती पहिली दिसली नाही तर समजायचं, रांग अजून सुरूच झालेली नाही.

कुणाला वाटेल, बाईला दुसरा उद्योग नाही. उद्योग भरपूर आहे. शर्टाच्या कारखान्यात ती बटणं लावायच्या मशीनवर बसते. पाय पॅडलवर, डोळे भोकांवर आणि सुपरवायझर पाठीवर. सुटून येते तेव्हा बोटं इतकी आखडलेली असतात की पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो. अशी बाई चार ठिकाणी उभी कधी राहणार? म्हणून ती वस्तू उभी करते. नळावर डबा, दवाखान्यात पिशवी, दुकानासमोर नवऱ्याची जुनी टोपी आणि टोपीवर दगड. आमच्या गल्लीचा हा कायदाच आहे. वस्तू उभी म्हणजे माणूस उभं. कामावर जाणाऱ्या बायकांनी तो केला आणि तो मोडायची कुणाची छाती नाही. त्याचं दुसरं कलम मात्र कडक आहे. वस्तू जागेवरून हलली की नंबर गेला. मग ती वाऱ्याने हलो, कुत्र्याने हलो, नाहीतर तुमच्या नशिबाने हलो. एकदा एका सायकलवाल्याने सासूबाईंचा डबा पाडला, तर नंबरताईने स्वतःच्या सासूला रांगेच्या शेपटाला नेऊन उभं केलं. सासू पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलत नव्हती. गल्लीला तेवढीच शांतता.

संघटनेच्या कामात मी पुढारी खंडीभर पाहिले. भाषणात जनता जनता करतील आणि जनतेच्या रांगेत जरा उभं केलं की घामाघूम होतील. नंबरताईने जन्मात भाषण केलेलं नाही. पण तिच्या रांगेत कुणी घुसून दाखवावं. एका नगरसेवकाचा मेहुणा एकदा घुसला होता. त्यानंतर त्याने घरात बोअरिंग मारून घेतली. मला ती 'लीडरबाई' म्हणते. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे विचारायची हिंमत मी अजून केलेली नाही.

तर गोष्ट होडीची आहे.

नंबरताईच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. डॉक्टरांनी असं म्हटल्याबरोबर सासूबाईंची खात्री पटली की आपण काही टेबलावरून उठत नाही. घरी येऊन त्यांनी सोन्याच्या बांगड्या कोणाला, पितळेचा हंडा कोणाला, सगळं वाटून टाकलं. मग स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एक कॅलेंडर होतं. त्यातलं साल कधीच सरलं होतं, पण वरचं चित्र चांगलं म्हणून ते कुणी काढलं नव्हतं. निळंशार तळं, मागे डोंगर, मधोमध एक होडी.

"भाकरी थापताना आयुष्यभर ह्या होडीकडे बघत आले," सासूबाई म्हणाल्या. "एकदा बसले असते तर बरं झालं असतं. पण जाऊ दे. मला कोण नेणार!"

हे 'जाऊ दे' गल्लीतल्या पाच बायकांसमोर म्हटलेलं होतं. नंबरताईचा चेहरा लाल झाला.

"नेते," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी नेते. होडीत बसवते. मधोमध नेऊन आणते. मग खुशाल मरा."

"बघू," सासूबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात त्यांनी सुनेला कोर्टात उभं केलं.

उत्तरेकडे, डोंगरांच्या पायथ्याशी तळ्याकाठी एक मोठं सरकारी उद्यान आहे. तिथे तंबू भाड्याने मिळतात, झाडीत फिरायला वाटा आहेत आणि तळ्यात होडी चालते. नंबरताईच्या थोरल्या मुलीने मोबाइलवर दोन तंबू बुक करून टाकले. नंबरताईला तो अपमान वाटला. "रांग नाही, खिडकी नाही, मग आपला नंबर लागला हे कळायचं कसं?" असं ती बसमध्ये बसेपर्यंत विचारत होती. बरोबर सासूबाई, नवरा, दोन मुली आणि नणंद. आणि मी. मला कुणी विचारलं नव्हतं. आदल्या दिवशी दारात येऊन ती म्हणाली, "लीडरबाई, स्वेटर घ्या. तिकडे थंडी आहे. आणि तिथले लोक उलटं बोलले तर तुम्ही लागाल."

दिवसभर बसने हाडं खिळखिळी केली आणि दुपार कलताना आम्ही पोचलो. तळं खरंच कॅलेंडरातल्यासारखं निळं होतं. सासूबाईंनी ते डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "चित्रात डोंगर जरा जवळ होता."

तंबू उभा करायचं काम नवऱ्याकडे होतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. वर-खाली जाणाऱ्या वस्तूंची त्याला चांगली समज आहे, पण तंबू नुसताच खाली जात होता. नणंद मेखा हातात घेऊन उभी राहिली आणि प्रत्येक मेख कुठे ठोकायची यावर भावाशी भांडली. शेवटी शेजारच्या तंबूतले एक किराणा दुकानदार आले. गोल पोट, गळ्यात शिट्टी, डोक्यावर कानटोपी. त्यांनी काठ्या उलट्या लावल्यात हे दाखवलं. त्यांची बायको लांबून म्हणाली, "ह्यांना घरचा पंखा लावता येत नाही, दुसऱ्यांचे तंबू बरे जमतात." आमची त्यांच्याशी तिथेच ओळख झाली.

होडीची चौकशी केली तर गार्ड म्हणाला, होडी सकाळीच. दोन फेऱ्या. ऊन चढलं की वारा सुटतो, मग बंद. फेरीला आठ माणसं. धक्क्यावर पाटी होती, त्यावर 'प्रथम येणाऱ्यास प्रथम' असं लिहिलेलं. नंबरताईने ती पाटी वाचली आणि तिचा जीव भांड्यात पडला. इतक्या लांब येऊन तिला पहिल्यांदाच आपल्या घरचं कुणीतरी भेटलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. सासूबाईंना उठवून, दोन स्वेटर चढवून, एका बाजूने मुलगा आणि एका बाजूने सून असं करत धक्क्यापर्यंत नेईपर्यंत तिथे ही रांग. पहिली फेरी भरली, दुसरी भरली. आमच्यापुढे दोनच माणसं उरली तेव्हा वारा सुटला आणि नावाड्याने दोर खांबाला गुंडाळला.

दगडावर बसून सासूबाईंनी फक्त सुनेकडे बघितलं आणि गुडघा चोळला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर नंबरताईला सोपं गेलं असतं.

आता एकच सकाळ हातात होती. तिसऱ्या दिवशी दुपारच्या आतच आमची परतीची बस. त्यानंतर ऑपरेशन.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर नंबरताई आमच्यासमोर येऊन उभी राहिली. "चपला काढा," म्हणाली.

"का?" नवऱ्याने विचारलं.

"नंबर लावायचाय."

"अगं, इथे लोकांना ही पद्धत माहीत तरी आहे का?"

"पाटी वाचली नाही तुम्ही? प्रथम येणाऱ्यास प्रथम. आत्ता आपण येतोय. आपल्याआधी कोण आलंय? कोणी नाही. काढा चपला."

"डबे ठेव की, पिशव्या ठेव."

"पिशवी वाऱ्याने उडते, डबा माकडं नेतात. चप्पल कोणी उचलत नाही. आणि चप्पल पाहिली की माणूस आहे हे कळतं."

मी विरोध करायला हवा होता असं आता सगळे म्हणतात. मला तर तेव्हा ते बिनतोड वाटलं. मी माझ्याही काढून दिल्या. सात जोड घेऊन ती धक्क्यावर गेली, मी तिच्यामागे अनवाणी. फळ्यांवर तिने ते एकामागे एक मांडले. सर्वात पुढे सासूबाईंच्या, टाचेला झिजलेल्या. मग नणंदेच्या, मुलींच्या, नवऱ्याच्या, तिच्या, शेवटी माझ्या. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे.

"तिकडे तोंड कशाला?" मी विचारलं.

"माणूस जिकडे जाणार तिकडे नंबरचं तोंड," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "झोपा आता बिनघोर."

दुसरा जोड कुणीच आणलेला नव्हता. खडीवरून संडासापर्यंत अनवाणी जाताना नवऱ्याच्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही.

सकाळी जाग आली ती शिट्टीने. मग भोंगा. मग धावपळ. तंबूबाहेर धुकं होतं आणि धुक्यातून लोक धक्क्याकडे पळत होते.

"बघा!" नंबरताई ओरडली. "रांग लागली! उठा! पण घाई नको, आपला नंबर पहिला आहे."

सासूबाईंना मुलाचे लोकरी मोजे घातले आणि आम्ही निघालो. धक्क्याजवळ ही गर्दी. पण रांग नव्हती, नुसता घोळका. बायका पदर तोंडाला लावून उभ्या. होड्या, म्हणजे मोठी होडी, मासेवाल्यांच्या दोन आणि गार्डांची एक, सगळ्या तळ्यात दूर गेलेल्या. लोक बांबूंनी पाणी ढवळत होते. नंबरताईने गर्दीत कोपर घातलं. "सरका, सरका. आमचा नंबर पहिला आहे."

"अहो बाई, लाज नाही वाटत?" कोणीतरी खेकसलं. "इथे माणसं बुडालीत."

ती जागच्या जागी थांबली. आम्हीही.

"कोण बुडालं?" सासूबाईंनी विचारलं.

शिट्टीवाले किराणा दुकानदार पुढेच होते. धुक्यात त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. डोळे पुसत म्हणाले, "आख्खं कुटुंब, आजी. रात्रीतून. सातजण. धक्क्यावरून एकामागे एक गेले म्हणतात."

"अरे देवा!" सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. "लहान पोरं होती का त्यात?"

"दोन तरण्या मुली. आणि एक म्हातारी."

"म्हातारीसुद्धा?"

"सर्वात पुढे तीच होती म्हणे."

सासूबाईंना रडू कोसळलं. त्या खरोखर रडल्या, मी शेजारीच होते. "आणि तिची सून काय करत होती?" त्यांनी विचारलं. "सुनेने धरायला नको तिला? काय एकेक सुना असतात!"

"आई," नंबरताई हळूच म्हणाली.

"गप गं तू. म्हाताऱ्या माणसाचा जीव तुम्हाला कळणार नाही."

"आई, सात."

"ऐकलं मी. सातजण. तुला कशाचं काही नाही."

नंबरताईचा चेहरा मी नळावर, मोर्चात, कारखान्याच्या गेटवर, सगळीकडे पाहिलेला आहे. पण तसा कधी पाहिला नाही. तिने माझ्या पायांकडे बघितलं. मग नवऱ्याच्या, मग मुलींच्या. सगळे अनवाणी. आणि त्याच वेळी उद्यानाचे साहेब एक पोतं घेऊन गर्दीतून आले. त्यांनी ते उलटं केलं आणि आमच्या चपला धप्पकन गवतावर पडल्या.

"कोणी ओळखतं का ह्या?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज कापत होता. माणूस वाईट नव्हता. "नीट बघा. कोणाचे शेजारी असतील, ओळखीचे असतील."

धाकट्या मुलीला हसू आवरेना. थोरलीने तिला चिमटा काढला. शेवटी नवरा पुढे झाला, तळव्याला खडी टोचत असल्यामुळे जरा नाचतच, आणि आपला जोड पायात घातला.

"मयताच्या चपला घालता?" साहेब किंचाळले.

"मयत मीच आहे," तो म्हणाला. "माफ करा. बायकोने नंबर लावला होता."

पुढची काही मिनिटं सांगण्यासारखी नाहीत. साहेबांना समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांच्या कानाच्या पाळ्यासुद्धा लाल झाल्या. गावातून पाणबुडे बोलावले होते, वरच्या ऑफिसला फोन गेला होता, डॉक्टर निघाला होता. त्यांनी आरडाओरडा केला तो अगदीच अन्यायाचा नव्हता. पण आवाज चढवून कुणी गरिबाशी बोलायला लागलं की माझं डोकं सटकतं.

"पाटीवर लिहिलंय का चपला ठेवू नका म्हणून?" मी विचारलं.

"पाटीवर काय काय लिहू मी? जीव देऊ नका असंही लिहू?"

"आम्ही कुठे जीव दिला? तुम्ही परस्पर मारलंत आम्हाला! तंबूत येऊन मोजलं का एकदा तरी?"

"लीडरबाई," नंबरताई म्हणाली, "गप बसा." मी गप बसले. असं मला दुसरं कुणी सांगून बघावं.

साहेबांनी फर्मान काढलं. प्रत्येकाने आपापला जोड उचलायचा, म्हणजे त्यांना वर कळवता येईल की सातही सापडले. मग तंबू सोडायचे. तळ्याकडे फिरकायचं नाही. होडीचं नाव काढायचं नाही.

आम्ही बाकीच्या पाचजणांनी मान खाली घालून चपला उचलल्या. गवतावर एक जोड राहिला, टाचेला झिजलेला.

"आजी, तुमच्या?" साहेब म्हणाले.

सासूबाई दगडावर बसल्या होत्या, लोकरी मोज्यांतले पाय पुढे पसरून. त्यांनी पदराने डोळे कोरडे केले. जोडाकडे वाकून बघितलं. मग मान हलवली.

"माझ्या नाहीत ह्या."

"आई!" नवरा म्हणाला.

"आई काय आई. नाहीत म्हटलं ना. ह्या त्या बुडालेल्या बाईच्या असतील."

"आजी, बुडालेली बाई म्हणजे तुम्हीच!"

"मी तर ही बसलेय. साहेब, एवढे शिकलेले तुम्ही. सहा सापडले म्हणता, मग सातवीला तशीच सोडणार? म्हातारी म्हणून? तरणी असती तर शोधली असती."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी फोनकडे बघितलं. तो वाजत होता. वरचं ऑफिस होतं.

"आजी, पाया पडतो. हो म्हणा."

"खोटं कसं म्हणू? शोधा तिला. आणि शोधायला जाल तेव्हा मलाही न्या होडीत. पाण्यातून वर आली तर मीच ओळखेन. तिच्या वयाची इथे दुसरी कोण आहे?"

मग मात्र गर्दी फुटली. किराणावाले पोट धरून खाली बसले. मोठी होडी परत येऊन धक्क्याला लागली होती, त्यातला नावाडीही वल्ह्यावर डोकं टेकून हसत होता. साहेब उभ्या उभ्या विझले. फोनमध्ये म्हणाले, "हो सर, सातही सुखरूप. सातवी जरा जास्तच सुखरूप आहे." मग फोन खिशात घालून नावाड्याला म्हणाले, "बसवा रे हिला. फिरवून आणा. माझं डोकं उठलं."

सासूबाईंनी सुनेकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. जिच्याशी तीस वर्षं भांडलो तिची लढाई आपणच जिंकून द्यावी आणि मग तिच्याकडे बघावं, तसं. माझ्या मते जिंकलो होतो आपण. मी सासूबाईंना धरायला वाकलेसुद्धा.

"थांबा," नंबरताई म्हणाली.

शोधाशोधीत पहिली फेरी वाया गेली होती. धुकं विरलं होतं आणि झाडांचे शेंडे हलायला लागले होते. नावाडी म्हणाला, एकच फेरी होईल, फार तर. आणि धक्क्यावर आता खरी रांग लागली होती. किराणावाले पहिले, मग त्यांची बायको, मग त्यांची दोन मुलं, मग इतर. भोंगा वाजल्यापासून घोळक्यात उभे असलेले लोक आता ओळीत आले होते. रांगेने साहेबांचा हुकूम ऐकला होता आणि मागून कुरकूर सुरू झाली होती.

"आम्ही काय येडे म्हणून उभे आहोत का?"

"हसवलं म्हणजे पुढे घ्यायचं काय?"

मी लगेच कंबर कसली. "आमचा नंबर पहिला होता! कालपासून!"

"नव्हता," नंबरताई म्हणाली.

"म्हणजे?"

"चपला उचलल्या गेल्या. नंबर मोडला."

"अगं, त्यांनी पोत्यात भरल्या! त्यात तुझा काय दोष?"

"आमच्या आईंचा डबा सायकलवाल्याने पाडला, तेव्हा आईंचा काय दोष होता?" ती म्हणाली. "साहेबांनी बसवलं म्हणून बसले तर त्या नगरसेवकाच्या मेहुण्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

सासूबाईंना हे ऐकून कंठ फुटला. "अगं कैदाशिणी, मी आज सकाळी एकदा मेलेय! आता रांगेत उभी करतेस मला? शेवटून?"

वारा वाढत होता. तिकडे तिच्या सासूची होडी आणि इकडे तिचा कायदा. नंबरताईने रांगेकडे बघितलं, शेपटापर्यंत. शेवटी उभं राहिलं तर होडी मिळणार नाही हे मुंगीलाही कळलं असतं. मग ती चालत रांगेच्या तोंडाशी गेली.

ही बाई कुणाकडे काही मागत नाही. मीठ संपलं तर अळणी खाईल. कारखान्यात ताप आला तर सुट्टी मागत नाही, मशीनवर मान टाकते. मागायचं कसं हे तिला माहीतच नाही. आणि ते तिथे दिसलं.

"तुमच्यातलं कोण मागे राहतंय?" तिने किराणावाल्यांना विचारलं. बस कंडक्टर विचारतो तसं.

"आं? का म्हणून?"

"एक जागा पाहिजे."

"साहेबांनी दिलीय की तुम्हाला."

"ती नको. रांगेतली पाहिजे. तुमच्याकडची." ती थांबली. तिचा आवाज खाली आला. "मागतेय मी. पुढच्या आठवड्यात आमच्या आईंचं ऑपरेशन आहे. त्यांनी होडी कधी पाहिली नाही. म्हणजे चित्रात पाहिली, रोज. एक द्या. माझी नको, फक्त त्यांची."

किराणावाले गडबडले. उत्तर त्यांच्या बायकोने दिलं.

"माझी घ्या हो! घ्याच!" ती रांगेतून उडी मारून बाहेर आली. "मला पाण्याची मेली इतकी भीती वाटते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ह्यांनी ओढत आणलंय मला. म्हणतात, मजा येते. कसली मजा? खाली सगळं पाणीच ना?"

"अगं, मग सांगायचं नाही का?" किराणावाले म्हणाले.

"लग्नाच्या दिवसापासून सांगतेय!"

रांगेतलं मागचं कुणी कुरकुरलं नाही. नंबर नंबराला गेला होता.

सासूबाईंना चढवायला नावाडी, किराणावाले, मुलगा आणि एक पाणबुडा लागला. तो पाणबुडा गावातून प्रेतं काढायला आला होता, त्याला म्हातारी आत ठेवायची पाळी आली. बसताना त्या नावाड्याला म्हणाल्या, "सावकाश रे बाबा, आज दुसऱ्यांदा नको." होडीतली माणसं त्यांना सरकून जागा देत होती. कुणी शाल दिली, कुणी शेंगदाणे. वल्हं पाण्यात पडलं आणि होडी निघाली.

नंबरताई धक्क्याच्या टोकापर्यंत गेली, मग बाजूला उतरून पाण्यात. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. पाणी बर्फासारखं होतं. नवरा म्हणाला, "अगं बाहेर ये, पुन्हा भोंगा वाजवतील." ती हलली नाही, तेव्हा मीही तिच्याशेजारी पाण्यात उतरले. होडी लहान होत गेली. मधोमध पोचल्यावर ती थोडी डुलली आणि नंबरताईने माझा दंड असा धरला की तिची बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्या कातडीवर होती.

पलीकडे रस्त्यावर बसचा हॉर्न वाजायला लागला तेव्हा होडी परत आली. सासूबाईंना उतरवलं. गालांवर वाऱ्याने रंग चढला होता, केस सुटले होते, मुठीत शेंगदाणे होते. त्यांनी एक दाणा सुनेच्या हातावर ठेवला. बाकीचे स्वतः खाल्ले.

"कसं वाटलं, आई?" नंबरताईने विचारलं.

"हलतं फार. आणि ते मधोमध मधोमध म्हणतात ना, तिथे काहीच नाही गं. सगळीकडे पाणी. मी काठाकडेच बघत होते." मग त्यांनी सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, भिजलेल्या साडीसकट. "तू दिसत होतीस. केवढीशी! जेवत जा जरा. गल्लीतल्या लोकांना वाटेल, सासू खाऊ घालत नाही."

"लांबून सगळेच केवढेसे दिसतात," नंबरताई म्हणाली. "चला, बस जाईल."

"जाऊ दे गेली तर. आणि काय गं, एकटीला पाठवलंस मला. तू का नाही बसलीस? बुडाले असते तर?"

नंबरताईने सासूला पाठीवर घेतलं आणि बसच्या दिशेने चढ चढायला लागली. चढभर सासूबाई तिच्या कानाशी वल्हं कसं मारायचं ते सांगत होत्या आणि ती 'हो आई, हो आई' करत होती.